मदीनाबीनं नाकारलेली सुट्टी

मदीनाबीची आणि माझी ओळख भांडणातून झाली. चूक कोणाची होती ते विचारू नका, दोघीही समोरचीची सांगू.

आखाडा बाळापूरला नांदेड रोडला लागून त्यांचं पिंजाऱ्याचं दुकान आहे. पुढं पत्र्याखाली कापूस पिंजायचं मशीन, मागं दोन खोल्या, मधे एक पडदा. आसपासच्या खेड्यांत लग्नात दिल्या जाणाऱ्या गाद्या-रजया किती वर्षांपासून याच दुकानातून चालल्यात. तिचा नवरा अल्लाबक्ष कापूस पिंजायचा, मदीनाबी गादी भरायची आणि मोठ्या सुईनं टाके घालायची. हात चालतो तसंच तोंडही चालतं. एखादी गिऱ्हाईक बाई म्हणाली, "चाची, जरा महागच लावली," तर उत्तर तयार असतं, "स्वस्त पाहिजे तर जमिनीवर झोप, जमीन फुकट हाय."

या घरची एक रीत आहे. लग्नाची गादी तोंडी सांगितलेल्या मापावर भरायची नाही. त्या घरी जायचं, पलंग पाहायचा, आपल्या वितीनं माप घ्यायचं. आणि गादी झाली की स्वतः नेऊन, पलंगावर टाकून, चारी कोपरे थापटून मगच परत यायचं.

असाच माल पोचवायला निघालेल्या टेम्पोवर अल्लाबक्ष बसला होता. गाद्यांच्या ढिगावर, दोरी धरून. वारंगा फाट्याच्या अलीकडं ड्रायव्हरनं खड्डा चुकवला. गाद्या राहिल्या वर, माणूस आला खाली. मणका मोडला. परजिल्ह्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण कमरेखालचं सगळं गेलं. पाय गेले, लघवी-संडासची जाणीव गेली, आणि दुखणंही गेलं. हे शेवटचं लोकांना बरं वाटतं. "दुखत तर न्हाई ना," म्हणतात. अरे बाबांनो, दुखणं हा माणसाचा चौकीदार असतो. आपण झोपेत कूस पालटतो ती काय हौस म्हणून? एका जागी दाब पडला की आतून कोणीतरी हाक मारतं, सरक म्हणून. ज्याचा चौकीदारच गेला, त्याला दुसऱ्यानं सरकवावं लागतं. दिवसा, रात्री, रोज. नाहीतर आधी कातडी मरते, मग मांस मरतं, मग माणूस.

हे सांगायला किती वेळ लागतो? मी आत्ता सांगितलं तेवढाच. त्या मोठ्या दवाखान्यात तेवढाही वेळ कोणाला झाला नाही. एका सकाळी राउंडचा डॉक्टर आला, "टाके चांगले आहेत, आज सुट्टी," म्हणाला आणि पुढच्या खाटेकडं गेला. निघताना कोणीतरी मुलाला, आतिफला, एवढंच सांगितलं, "पाठ हलू देऊ नका. पूर्ण आराम." घरी खाट कशी आहे, करणारं कोण आहे, लघवीची नळी कोण बदलणार, एक सवाल नाही. कागद हातात, पेशंट गाडीत.

पुढं जी चूक झाली ती फक्त पिंजाऱ्याच्याच घरी होऊ शकते. मदीनाबीनं नवऱ्यासाठी गादी भरली. बिरादरीतल्या घराघरांतून मूठमूठ चांगला कापूस आला. कोणी मोठ्या दुखण्यातून उठत असलं की त्याच्या गादीला सगळ्यांचा हात लागावा, अशी त्यांची समजूत. तो कापूस दोनदा पिंजून घेतला. इतकी जाड, इतकी मऊ गादी तिनं कोणत्या नवरीला दिली नव्हती. त्यावर अल्लाबक्षला उताणं निजवलं आणि घरानं हुकूम पाळला, पाठ हलवायची नाही म्हणजे नाही. चादर बदलायची तरी चौघांनी त्याला सपाट वर उचलायचं आणि सपाट खाली ठेवायचं. शेजारपाजारचे म्हणायचे, काय खिदमत करून राहिली बाई! आणि तो त्या मऊपणात खोल रुतून पडला होता. नळीशी झिरपलेली ओल कापूस पीत होता. माकडहाडापाशी कातडी काळी पडली. वास यायला लागला, तर घरात लोबान जाळला.

आतिफ माझ्याकडं हिंगोलीला आला तो अपंगाच्या प्रमाणपत्रासाठी. मी सुनिता, पुसेगावकडच्या तांड्यावरची. माझा एक पाय लहानपणी पोलिओनं नेला, शाळा दहावीच्या अलीकडंच सुटली, बाकीचं सगळं कचेऱ्यांच्या व्हरांड्यात भांडून शिकले. आमची दिव्यांगांची लहानशी संघटना आहे. मी आतिफला विचारलं, "अब्बाची पाठ कधी पाहिली?"

"पाठीला काय पाहायचं ताई? पाठ तर हलवायची न्हाई."

मागं दोन जादा चाकं लावलेल्या माझ्या स्कूटीवर मी तशीच बाळापूरला गेले. खोलीत शिरताच तो वास आला आणि माझं डोकं सरकलं.

"काय करून ठेवलंत हे? माणूस हाय का लोणचं? मुरत घातलाय काय त्याला?"

मदीनाबी खालीच बसून रजईला टाके घालत होती. सुई हातात धरूनच उठली. "कौन गे तू? मेरे घर में आके मेरेकूच बोलती?"

"त्याला उचला त्या गादीवरून. आत्ताच्या आत्ता. या गादीनं मारून राहिल्या तुमी त्याला."

"गादीनं?" ती मराठीवर आली. "जल्म गेला माझा गाद्या भरण्यात. बिछान्याचं तू मला शिकवतीस? तुझ्या बापाच्या घरी धड गोधडी तरी होती का?"

"नव्हती. म्हणून आमच्यात कोणी सडलं न्हाई."

आतिफ मधे पडला नसता तर ती सुई माझ्याकडं आली असती. अल्लाबक्ष छताकडं पाहत पडला होता. दोन बाया त्याच्यावरून भांडून राहिल्या आणि हा जणू त्या खोलीतच नाही. मी आतिफला म्हणाले, एका बाजूनं उचल. कूस वळवली. मदीनाबीनं पाहिलं. तळहातात मावणार नाही एवढी जखम. तिनं सुई खाली ठेवली. मग एकदम ओरडली, "आतिफ, गाडी बुला!" आणि डोक्यावर पदर ओढून सगळ्यांच्या आधी रोडवर जाऊन उभी राहिली.

हिंगोलीत एका ट्रस्टचा दवाखाना आहे, तिथं दाखल केलं. मेलेलं मांस कापून काढलं, रोजचं ड्रेसिंग सुरू झालं. पाऊस सरला, सोयाबीनची काढणी सुरू झाली, तरी अल्लाबक्ष तिथंच. मदीनाबीनं खाटेशेजारी चटई टाकून घर मांडलं. वॉर्डातल्या बायांशी गट्टी जमली, वॉर्डबॉयशी वैर जमलं. दवाखान्याची गादी बोटानं दाबून म्हणायची, "ये गादी है का पापड?" माझ्याशी मात्र नीट बोलायची नाही. मी गेले की डबा पुढं सरकवायची, "खा." तिच्या हिशोबी तो माफीनामा होता. मी तो खात होते, तेवढं माझ्याकडून पुरे होतं.

जखम तळातून भरत आली. आणि एका शुक्रवारी राउंडला डॉक्टर म्हणाले, "छान आहे. उद्या सुट्टी."

मदीनाबी उभी राहिली. "न्हाई घेत."

"काय नाही घेत?"

"सुट्टी. न्हाई घेत आमी."

अख्खा वॉर्ड हसला. सुट्टीसाठी हातापाया पडणारे सगळ्यांनी पाहिले होते, नको म्हणणारी ही पहिलीच. डॉक्टरही हसले. मग त्यांच्या ध्यानात आलं, बाई मस्करी करत नाही.

"मावशी, औषधं लिहून देतो. ड्रेसिंग गावात करून घ्या. घरी आता आरामच करायचा आहे."

"आरामच केला होता साहेब," ती म्हणाली. "म्हणून तर हितं आलो."

तिनं मला फोन लावला. आजवर कधी लावला नव्हता. "सुनिता, ये. तुझं काम हाय."

मी गेले ती पेटूनच. डॉक्टरांना वॉर्डाच्या दारातच गाठलं. "साहेब, घरी नळी कोण बदलणार? कूस कशी पालटायची ते हिला कोणी हातानं करायला लावलं का? गावात ड्रेसिंग करणाराचं नाव सांगा. चाकाची खुर्ची त्या दारातून जाती का न्हाई, कोणी पाहिलं?"

"हे सगळं दवाखान्याचं काम नाही, मॅडम."

"मग कोणाचं? टेम्पोवाल्याचं?"

"खाली बघा," डॉक्टर म्हणाले. खाटांच्या मधल्या जागेत जमिनीवर पेशंट निजवले होते, एकाचं सलाइन खिडकीच्या गजाला टांगलेलं. "यांना मी काय सांगू? खाट मिळणार नाही, ती एका बाईनं अडवलीय?"

हे खरं होतं, म्हणून मी आवाज वाढवला. कायदा काढला, पेपरात देते म्हणाले, दारात ठाण मांडते म्हणाले. डॉक्टरांचं तोंड लाल झालं. "उद्या सकाळी गाडी लागेल. जायचं तर जा, नाहीतर लिहून द्या की तुम्ही ऐकत नाही." आणि निघून गेले.

मदीनाबीनं मला दंडाला धरून जिन्यात नेलं. "झालं? पेटवलंस?"

"मी तुमच्याच बाजूनं बोलून राहिले चाची."

"तू तुझ्या भांडणासाठी बोलतीस. मला भांडण जिंकायचं न्हाई. मला माणूस जिता पाहिजे." मग पाठीवर एक चापट, धड मायेची नाही, धड रागाची नाही. "जा, बाहेर जाऊन चहा पी."

मला तिनं बाहेर काढलं. मला! तहसीलदारसुद्धा मला बाहेर काढताना दोनदा विचार करतो. मी चहाला गेलेच नाही. जिन्यात बसून कान वॉर्डाकडं लावले.

ती गेली निर्मलाबाईच्या टेबलाशी. निर्मलाबाई म्हणजे वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर, कनेरगाव नाक्याच्या. अर्धे पेशंट त्यांच्या आवाजाच्या धाकानंच बरे होतात.

"सिस्टर, तुमची पोरगी लग्नाची हाय ना?"

"हाय. तिचं मधेच काय काढलं?"

"तिची गादी मी भरीन म्हणते. पलंगाचं माप सांगा."

"असंल सहा बाय चार. तसंच असतंय सगळ्याचं."

"असंल म्हणून आमी सुई उचलत न्हाई. घरी येतो, पलंग पाहतो. गादी बिघडली तर उसवून परत शिवता येती, तरी पाहून देतो. अन् तुमी माणूस देऊन राहिल्या. माझं घर पाहिलं का कोणी?"

"आता गं! इथं औंढ्यापासून सेनगावापर्यंतचे पेशंट. मी काय घरोघर हिंडू का, पोलिओ पाजल्यासारखी?"

"सगळ्यांच्या नका हिंडू. एकाच्या या."

"अन् गादीची लाच देती व्हय मला?"

"लाच काहून? पैसे घेईन की मी गादीचे."

निर्मलाबाई हसल्या असाव्यात, कारण खुर्ची करकरली. मग म्हणाल्या, "रविवारी माझी ड्युटी न्हाई. नांदेडला बहिणीकडं जायचंच हाय. बाळापुरात उतरते. पण चहा-बिहा करत बसू नका." डॉक्टरांना त्यांनी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. सुट्टी चार-पाच दिवस पुढं गेली. मी एवढा घसा कोरडा केला तेव्हा नाही गेली, हेही लिहून ठेवते, मला काय त्याचं!

रविवारी त्या दोघी एसटीनं, मी स्कूटीवर. आतिफ अल्लाबक्षपाशी वॉर्डात थांबला. संघटनेकडं एक हवेची गादी होती, पंपानं फुगणारी, एका पेशंटाच्या घरून परत आलेली. ती गुंडाळून मी स्कूटीला बांधली. परत का आली ते मदीनाबीनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

निर्मलाबाईंनी घर पाहायला सुरुवात केली ती खरंच पाहायला. उंबरा केवढा, संडासाला पायऱ्या किती, पंपाचा प्लग कुठं, रात्री उठणारं माणूस निजतं कुठं. मदीनाबी मागं मागं, नवरीकडच्यांना घर दाखवावं तशी तोऱ्यात. मग तिनं मधला पडदा सारला. आत पलंगावर नवी कोरी गादी. लाल खोळ, काठाला दुहेरी शिवण. आठवड्यापूर्वी "घर झाडून येते" म्हणून गेली होती ती यासाठी.

मी दारातच थांबले. म्हणजे आम्ही तिकडं दवाखान्याशी डोकं फोडून राहिलो आणि इकडं हिनं तीच कबर परत खणून ठेवली.

"चाची, हे काय हाय?"

"ही पहिल्यासारखी न्हाई. घट्ट भरली. रुतणार न्हाई माणूस."

"घट्ट असो का ढिली," निर्मलाबाई म्हणाल्या, "ओल धरणार, गोळे होणार. भरत आलेली कातडी हाय, ताई. हवेची गादी टाका."

मी स्कूटीवरची गुंडाळी आणून जमिनीवर पसरली. निळं प्लास्टिक, त्यावर फुगवटे. मदीनाबी त्याच्याभोवती फिरली, मेलेलं जनावर पाहावं तशी.

"हे? पिंजाऱ्याचा माणूस फुग्यावर निजणार? रोडवरून जाणारे काय म्हणतील? दुनियेला गाद्या देती अन् नवऱ्याला फुगा देती!"

"लोक मयतीला येऊनही बोलतात चाची. ते चालंल का?"

"जबान संभाल!"

"तुमी गादी संभाळा!"

"दोघी गप्प बसा," निर्मलाबाईंचा वॉर्डातला आवाज निघाला. बाहेर रोडवरचं कुत्रंसुद्धा उठून गेलं. "लाइट गेली की फुगाही बसतो. कोणत्याच गादीवर भरोसा ठेवायचा न्हाई. कूस पालटणाऱ्या हातावर ठेवायचा. अन् कुशीवर निजवलं की दोन गुडघ्यांच्या मधे उशी लागती, पाठीला टेकण लागतं, घोट्याखाली लागतं. ते हाय का घरात? न्हाई. अन् भांडून राहिल्या." त्यांनी फोन काढला. "ज्याची पाठ हाय त्यालाच विचारू."

आतिफला व्हिडिओ कॉल लागला. पडद्यावर आधी वॉर्डाचा पंखा दिसला, मग अल्लाबक्षची दाढी.

"अल्लाबक्षभाई, तुमची बायको म्हणती कापूस, ही सुनिता म्हणती हवा. तुमाला काय पाहिजे?"

दाढी फोनच्या जवळ आली. मग तो म्हणाला, "मला कोणी इचारलं न्हाई आजवर."

मी खाली पाहिलं. मीही विचारलं नव्हतं. एवढी मोठी संघटना चालवते मी.

"आता विचारलं ना. बोला."

"जरा पुढचं दाखवा. दुकान."

निर्मलाबाई फोन घेऊन पुढं आल्या. ताडपत्री टाकलेलं मशीन, फळ्यांचा कट्टा, समोरचा रोड, उसाचा एक ट्रॅक्टर धूर सोडत चाललेला. अल्लाबक्ष पाहत राहिला.

"मला मागं नका टाकू," तो म्हणाला. "त्या खोलीत नुस्तं छत दिसतं. मी तिथं जखमेच्या आधीच सडलो होतो. मला मशीनपाशी टाका. कापूस असो, फुगा असो, मला काही न्हाई. गिऱ्हाईक दिसलं पाहिजे. रोड दिसला पाहिजे."

"रोडवर?" मदीनाबीनं फोन हिसकला. "दुनियेसमोर? ती लघवीची पिशवी लटकवून?"

"पिशवीवर चादर टाक. तोंडावर नको टाकू."

मदीनाबी कट्ट्यावर बसली. फोन निर्मलाबाईंना परत दिला. जरा वेळानं उठून आत गेली, कात्री घेतली आणि नव्या गादीची शिवण काठाकाठानं उसवायला लागली. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. आत हात घालून ती कापूस ओढून काढायला लागली, पसापसा.

"किती उशा म्हणाल्या सिस्टर?"

"चार-पाच तरी. गुडघ्याची पातळ लागंल, पाठीची लांब. मापं सांगू?"

"नका सांगू. उद्या वॉर्डात त्याचीच घेते."

पुढचे तीन दिवस निर्मलाबाईंनी तिला आणि आतिफला वॉर्डात राबवलं. आधी हात धुवायला, मग नळी साफ करायला, मग अंग न घासटता कुशीवर घ्यायला. मदीनाबीची सुई कधी चुकत नाही, पण नळीपाशी आली की ती हात मागं घ्यायची. "काहून भिऊन राहिली? तुझाच नवरा हाय ना?" "म्हणून तर!" शेजारच्या खाटांवरचे नातेवाईकही येऊन उभे राहायचे. एकदा डॉक्टर आले, पाहिलं, पुढं गेले. दुसऱ्या दिवशी बाळापूरच्या नर्सबाईचं नाव आणि नंबर त्यांनी स्वतः कागदावर लिहून दिला. मी थँक्यू म्हणाले नाही. त्यांनीही माझ्याकडं पाहिलं नाही.

अल्लाबक्ष घरी आला तो थेट दुकानात. रोडला समांतर खाट, खाली निळा फुगा, वर त्या उशा. कूस पालटायचं घड्याळ त्यानंच ठरवलं. नांदेडकडं जाणारी एसटी गेली की एक कूस, हिंगोलीकडं जाणारी गेली की दुसरी. रात्री आतिफच्या मोबाइलचा गजर. दोन-तीन दिवसांतच तो गिऱ्हाइकांना भाव सांगायला लागला. मी मात्र बाळापूरचा नंबर फोनवर दिसला की अजून दचकायची. ती हवेची गादी ज्याच्या घरून परत आली होती तो माणूस आता नाही, हे मला माहीत होतं.

दिवाळी सरल्यावर निर्मलाबाई नांदेडला जाताना उतरल्या, मीही गेले. दुकानाला पडदा लावला, त्यांनी टॉर्च धरला. मी रोडकडं तोंड करून उभी राहिले. मला बघवेना.

"जुनी जागा चांगली हाय," त्या म्हणाल्या. आणि मग थांबल्या. "हे काय? डाव्या खुब्यावर. लाल डाग. दाबला तर जात न्हाई. नव्या जखमेची सुरुवात हाय ही."

"डाव्या?" मी वळले. "डावीच बाजू जादा लागली म्हणजे. कूस पालटता का न्हाई तुमी?"

"अगं, पालटते!" मदीनाबी उसळली. "पालटूच देत न्हाई हा! डाव्या कुशीला रोड दिसतो, उजवीला भिंत. मी इचारते, हिंगोलीची गाडी गेली का? तर म्हणतो, न्हाई आली अजून. मी मशीनच्या आवाजात. मला काय ऐकू येतं?"

"एखादी गेली असंल," अल्लाबक्ष पुटपुटला.

"एखादी! एसटी महामंडळाला बदनाम करून राहिला हा माणूस!"

"मला भिंत नको," तो म्हणाला. आवाज एकदम चढला. "किती दिवस छत पाहिलं. आता भिंत पाहू काय?"

निर्मलाबाईंनी टॉर्च बंद केला. मला राग आला होता, पण कोणावर काढावा ते समजेना. घर पाहिलं, उंबरा पाहिला, प्लग पाहिला. खाटेचं तोंड कुठल्या बाजूला ते आम्ही कोणीच पाहिलं नव्हतं.

"खाट फिरवा," मी म्हणाले.

"क्या?"

"डोकं हिकडं अन् पाय तिकडं करा. मग उजव्या कुशीला रोड येतो."

मदीनाबीनं माझ्याकडं असं पाहिलं की मला परत ते पहिलं भांडण आठवलं. मग ती पडदा सारून रोडवर ओरडली, "ओ भाऊ! हात लावा जरा!" शेजारचा पंक्चरवाला आला, चहा पिणारे दोघं आले. माणसासकट खाट उचलली. दुकान एवढं अरुंद की फिरवायला खाट निम्मी रोडवर काढावी लागली. मागं ट्रक हॉर्न मारायला लागला. "हळू! पिशवी धरा! पिशवी!" मदीनाबी ट्रकवाल्याला हात करून, "अंधा है क्या? आदमी दिखता नई?" आणि अल्लाबक्ष भर रोडवर, खाटेत, इकडं-तिकडं मान वळवून बघून राहिला, वरातीत आल्यासारखा.

"डाग जाईस्तोवर डावी कूस बंद," निर्मलाबाईंनी बजावलं. "उजवी, मग पोटावर, मग उजवी. पोटावर असताना छातीखाली उशी घ्या, म्हणजे रोड दिसंल. डाग फुटला तर परत वॉर्ड. अन् मग मला सांगू नका एसटीचं." त्यांची गाडी आली, त्या गेल्या. जाताना म्हणाल्या, "चार दिवसांनी फोटो पाठवा."

ते चार दिवस मी कोणाशीच धड बोलले नाही. जिल्हा परिषदेत एका साहेबाला उगाच झापलं. त्याची चूक होतीच, पण एवढी नव्हती.

आज सकाळी आतिफचा फोटो आला. खुबा, आणि त्यावर तो डाग. फिका झालाय, का मशीनपाशी उजेडच तसा पडलाय? मोठा करून पाहिला, खिडकीशी नेऊन पाहिला. फोन लावला तर मदीनाबी म्हणते, "गेला बराबर," आणि मागून अल्लाबक्षचा आवाज, "हाय अजून थोडा." तिकडं गिऱ्हाईक आलं आणि फोन कटला. फोटोवरून काही कळेना. म्हणून बाळापूरला निघाले.